भांडी धुणारं मशीन आणि खालच्या मजल्याची झोप



फौजी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या घरातलं सगळं माहीत असतं. कुणाचा कुकर किती शिट्ट्या घेतो, कुणाचा पोरगा पाढे कुठं अडखळतो, कुणाच्या घरी गावाहून सासूबाई आल्यात. भिंत म्हणजे एक पडदा, आणि छत म्हणजे वरच्याची जमीन. बबीना, पठाणकोट, श्रीगंगानगर, सगळीकडं हेच. आता सिकंदराबादच्या तिरुमलगिरी भागात आहोत. तीन मजली जुनी इमारत, आम्ही पहिल्या मजल्यावर. या पोस्टिंगमधली एक गोष्ट सांगतो. विषय भांड्यांच्या मशीनचा आहे, म्हणून हसू नका. पुढं कामाचं बरंच आहे.

आधी मशीन घरी कसं आलं ते सांगतो. आमच्या हिच्या हाताला गेली चार-पाच वर्षं इसब आहे. हिवाळ्यात बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या, भांडी घासताना रक्त यायचं. मिलिटरी हॉस्पिटलच्या त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सरळ सांगितलं, "साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही." हातमोजे वापरून पाहिले, आत घाम येऊन हात आणखी चिघळला. त्याच सुमारास एका ऑफिसर साहेबांची बदली निघाली आणि सामान विकायची यादी स्टेशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. यादीत सोफा, कूलर, पोरांची सायकल आणि नऊ वर्षं जुनं डिशवॉशर. मी जाऊन चालवून पाहिलं, भाव ठरला, आणि दोन जवान पोरांच्या मदतीनं ते वर चढवलं.

मशीननं काम चोख केलं. तीन महिन्यांत हिचे हात भरून आले. रात्री जेवणं झाली की ताटं-वाट्या, पातेली आत रचायची, सव्वादहाला बटण दाबायचं, साडेबाराच्या सुमारास मशीन आपोआप बंद. आमच्याकडं सातारा भागात खरकटी भांडी रात्रभर ठेवत नाहीत. आईनं घालून दिलेला नियम आहे, आणि ही तो माझ्यापेक्षा कडक पाळते. त्यामुळं मशीन रात्रीच चालणार हे ठरलेलं.

डिसेंबरात एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हिला विचारलं, "दीदी, रात को ऊपर क्या चलता है?" तक्रारीचा सूर नव्हता. पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून ही खाली आली आणि मला म्हणाली, "तुम्ही आधी बसा."

खालचे नायब सुभेदार साहेब गढवालचे. इन्फंट्रीचे. काश्मीरमध्ये लागोपाठ दोन टेन्युअर करून इथं आलेले. माणूस बोलायला गोड, जिन्यात भेटला की दोन्ही हात जोडून राम राम करणार. त्यांची झोप आधीच कच्ची होती. रात्री वरून "ठक" असा आवाज आला की ते ताडकन उठून बसायचे, अंधारात दाराजवळ जाऊन उभे राहायचे, आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. वहिनी म्हणाल्या, "उनको मत बताना मैंने कहा है."

मंडळी, तक्रार झाली असती तर सोपं होतं. मशीन दिवसा लावा म्हणाले असते, आम्ही लावलं असतं, विषय संपला असता. पण तो माणूस तक्रार करणार नव्हता, कारण तक्रार केली तर का झोपत नाही हे सांगावं लागलं असतं.

त्या रात्रीपासून मशीन बंद. भांडी मी घासली. लंगरमध्ये डेगच्या घासलेल्या हाताला चौघांची भांडी म्हणजे काहीच नाही. पण मला ड्युटीवरून यायला कधी रात्रीचे नऊ, कधी अकरा, आणि मी नसलो की ही गुपचूप नळाखाली हात घालणार हे मला ठाऊक होतं. आठ दिवसांत तिच्या उजव्या अंगठ्याजवळ पुन्हा भेग दिसली. एकीकडं हिचे हात, दुसरीकडं खालच्या साहेबांची झोप. दोन्ही सांभाळायचं तर मशीनचाच आवाज मारायला हवा होता.

मी ईएमईचा माणूस. आमच्या कोअरचं ब्रीदच "कर्म ही धर्म". चोवीस वर्षं वाहनं आणि रणगाडे दुरुस्त केले. आवाज ऐकून बिघाड ओळखणं ही आमची रोजीरोटी. पण इथं एक अडचण होती. टी-७२ रणगाड्याचं बारा सिलिंडरचं ७८० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन उघड्या डेकवर चालू असताना त्याच्या शेजारी ज्यांनी वर्षं काढली, त्यांचे कान तसेच राहत नाहीत. माझ्या वार्षिक मेडिकलमध्ये कानाचा आलेख काढतात, त्यात ४००० हर्ट्झच्या जागी खड्डा आहे. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान बहुतेक तिथूनच जायला लागतात. खालचे घुमणारे आवाज मला नीट येतात; बारीक, तीक्ष्ण आवाज निसटतात. कुकरची शिट्टी येते, पण मोबाईलची बारीक बीप हिला सांगावी लागते.

म्हणून कान घेतले मुलीचे. ती अकरावीला आहे. तिला लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर दिला आणि आमच्या वर्कशॉपमधली जुनी युक्ती शिकवली: टोक मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं आतलं सगळं ऐकू येतं. रविवारी दुपारी मशीन रिकामं चालवलं आणि आम्ही बापलेक जमिनीवर बसलो. ती ऐकून सांगायची, मी वहीत लिहायचो. "पप्पा, इथं घुं-घुं आहे. इथं खर्र खर्र होतंय. इथं पत्रा नुसता वाजतोय."

डिशवॉशरमध्ये आवाज करणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात, पण त्या वेगवेगळ्या वेळी करतात, म्हणून आधी वेळ लिहून घ्यावी. पाणी भरताना आत येणाऱ्या व्हॉल्व्हचा फुसफुस आवाज, आणि तो मिटताना झटका. धुताना मोठा पंप पाणी वर ढकलतो आणि फिरते हात ते भांड्यांवर मारतात. पाणी काढताना दुसरा छोटा पंप चालतो, आणि शेवटी हवा ओढून गुडगुडतो. जुन्या मशीनमध्ये मोठ्या पंपाची मोटर मिनिटाला २८०० ते २९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. तेवढ्या वेळा ती मशीनला हलका धक्का देते, आणि मशीन तोच धक्का जमिनीला देतं.

आवाजाचे रस्ते दोन. एक हवेतून, दुसरा जमिनीतून आणि भिंतीतून. स्वयंपाकघरात उभं राहून त्रास होतो तो बहुतेक हवेतला. खालच्या मजल्याला जातो तो जमिनीतला. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

आमच्या मेसच्या हवालदारानं सल्ला दिला, "साब, अंड्यांचे ट्रे चिकटवा." दुसरा म्हणाला थर्माकोल लावा, तिसरा म्हणाला वरून जुनी रजई टाका. यातलं काहीच करू नका. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल वजनानं हलके. हलकी वस्तू आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि कंप मारायला लवचिक, जड थर लागतो. रजईनं हवा कोंडते, मोटर आणि हीटर तापतात, दारातून निघणारी वाफ अडते. ते आगीला निमंत्रण आहे.

आता काय केलं ते क्रमानं लिहितो. आधी एक सूचना: प्लग काढायचा, पाण्याचा कॉक बंद करायचा, आणि मगच मशीनला हात लावायचा. तळाशी थोडं पाणी नेहमी उरलेलं असतं, फडकं जवळ ठेवा. वॉरंटीतलं मशीन असेल तर उघडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

पहिलं, साफसफाई. गाळणी काढली, तिच्याखाली पाणी काढणाऱ्या पंपाचं तोंड दिसतं. टॉर्च मारली तर आत काचेची एक कपची आणि लिंबाची वाळकी बी. पोरीला ऐकू आलेली खर्र खर्र हीच. चिमट्यानं काढली, आवाज गेला. खर्च शून्य. आधी हे करा, अर्ध्या लोकांचं काम इथंच होईल.

दुसरं, पातळी. आमच्याकडं तांदूरची करडी फरशी आहे, या भागात घरोघरी असते. दिसायला सपाट, पण जुन्या क्वार्टरमध्ये फरशा खचलेल्या. मशीनच्या चारपैकी मागचा एक पाय हवेत होता. तीन पायांवर उभं राहिलेलं मशीन चालताना ठुमकतं. स्पिरिट लेव्हल ठेवून पाय फिरवले आणि चारही पायांवर सारखं वजन आणलं.

तिसरं, अंतर. मशीन ओट्याच्या कडप्प्याखाली घट्ट बसवलेलं होतं आणि डावा पत्रा भिंतीला टेकलेला. टेकलेला पत्रा म्हणजे आवाजाला बांधून दिलेला पूल. दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं केलं आणि पुढच्या कडेला फक्त फेल्टची पट्टी लावली. मागं हवा खेळती ठेवली.

चौथं, पायांखाली रबर. यात लोक फसतात. कुठलंही रबर चालत नाही. ट्रकच्या टायरचा तुकडा कापून ठेवला तर तो इतका कडक असतो की धक्का सरळ खाली जातो. स्टॅलियन ट्रकचं इंजिन आपण रबर माउंटिंगवर बसवतो तेव्हा ते माउंटिंग इंजिनच्या वजनानं थोडं दबतं, आणि त्या दबण्यातच त्याचं काम असतं. हिशेब सोपा आहे. मशीनच्या वजनानं रबर एक मिलिमीटर दबलं, तर त्याची स्वतःची झुलण्याची गती सेकंदाला साधारण सोळा. मोटरचा धक्का सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा, म्हणजे जवळपास तिप्पट. अशा वेळी कागदावर धक्क्याचा सातवा-आठवा हिस्साच खाली उतरतो. प्रत्यक्षात थोडा जास्त उतरतो, कारण झटपट हलवलं की रबर जास्त कडक वागतं. पण फरक हाताला कळतो. रबर जर दबलंच नाही, तर ते ठेवलं काय आणि नाही काय, सारखंच. उलट फार मऊ घेतलं तर मशीन डुगडुगतं आणि दार उघडून जड ट्रे बाहेर ओढला की पुढं कलतं.

रानीगंजच्या बाजारात रबराची दुकानं ओळीनं आहेत. दुकानदाराला मशीनचं वजन सांगितलं, आणि चार-पाच प्रकारचे तुकडे आणून, खाली ठेवून, पट्टीनं मोजून पाहिले. सव्वा मिलिमीटर दबणारे निवडले. शेजारपाजारच्यांना वाटत होतं की साहेब वर्कशॉपमधून आणतील. सरकारी स्टोअरमधला वॉशरसुद्धा माझ्या घरात नाही, आणि पोरीलाही ते कळावं म्हणून तिला मुद्दाम बाजारात सोबत नेलं.

पाचवं, पत्रे. बाजूचे पत्रे बोटानं वाजवले की "ठण्ण" वाजायचे. गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या दुकानात दाराच्या आतून चिकटवायची डांबराच्या जातीची जड शीट मिळते, डॅम्पिंग शीट म्हणतात. बाजूचे पत्रे काढून आतून मधल्या भागावर चिकटवली. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधला निम्मा भाग झाकला तरी पत्र्याचं वाजणं मरतं. आता बोटानं वाजवलं की "ठप". मोटर, हीटर आणि वायरिंगपासून शीट लांब ठेवायची, हे विसरू नका.

सहावं, नळ्या. पाणी काढणारी नळी पंप सुरू झाला की उसळून सिंकच्या पाइपवर आपटत होती. तिला फोमचं वेष्टण घालून दोन जागी बांधली. नळीचा उंच ठेवलेला वळसा मात्र तसाच ठेवायचा, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं.

एवढं करून मोबाईलवर आवाज मोजला. मोबाईलचं ॲप खरा आकडा सांगेलच असं नाही, पण तोच मोबाईल त्याच जागी ठेवला तर आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. आधी ६६ डेसिबल, आता ५७. डेसिबलचा हिशेब साधा नाही. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. ही स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "चालू आहे का बंद?" मला बरं वाटलं.

पण मला खालच्या मजल्याची खात्री नव्हती. आकडा माझ्या घरातला होता, झोप त्यांच्या घरातली. शिवाय एक प्रश्न सुटत नव्हता. मशीन ऑगस्टपासून चालू होतं, त्रास डिसेंबरातच का? विचार करता लक्षात आलं, पंखा. उन्हाळ्या-पावसाळ्यात पंखा रात्रभर फिरतो आणि त्याच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडतात. डिसेंबरात सिकंदराबादला रात्री गारवा येतो, पंखे बंद होतात. मग घर इतकं शांत होतं की छोटा आवाजही उघडा पडतो.

मी खाली गेलो. वहिनींचं नाव काढलं नाही. म्हणालो, "साब, मशीनवर काम केलंय. तुमच्या मदतीशिवाय टेस्ट पूर्ण होत नाही. आज रात्री चालवतो. काही ऐकू आलं तर वेळ लिहून ठेवाल का?" त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ठीक है साब. लॉग बना दूँगा." दोघांनी मोबाईलवरून घड्याळं जुळवली.

रात्री २२१५ ला मी बटण दाबलं. वर बसून मीही लिहीत होतो: पाणी भरलं, पंप सुरू, पाणी काढलं. सकाळी ड्युटीला जाण्यापूर्वी ते स्वतः वर आले. वहीच्या पानावर सुंदर अक्षर, संत्रीच्या लॉगसारखं. वेळ, आवाजाचा प्रकार, दिशा. आम्ही दोन्ही कागद डायनिंग टेबलावर शेजारी ठेवले.

पंपाची घुमघुम त्यांनी एकदाही लिहिली नव्हती. पाणी काढण्याचंही नाही. पाच नोंदी होत्या, २२१९, २२४१, २३३८, २३५२, ०००४, आणि पाचही ठिकाणी एकच शब्द: "ठक". दिशा: खिडकीची भिंत. माझ्या कागदावर त्या पाचही वेळा मशीनचा पाण्याचा व्हॉल्व्ह मिटला होता.

मोबाईलच्या आकड्यात हा आवाज जवळजवळ दिसतच नव्हता. सगळ्यात मोठा आकडा घुमघुमीचा होता. पण सतत चालणाऱ्या आवाजाला माणूस सरावतो, त्याच्यात झोपतोही; ट्रेनमध्ये आपण झोपतोच की. अचानक येणारा एकच आवाज, तोही शांततेतून, अंग ताठ करतो. ज्यानं वर्षानुवर्षं अशाच एका आवाजाकडं कान लावून रात्री काढल्या, त्याचं तर नक्कीच. म्हणून ज्याला त्रास होतो त्याला विचारल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नये.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं इमारतीच्या मागं टॉर्च घेऊन उभे राहिलो आणि पोरीला वरून पाणी चालू-बंद करायला सांगितलं. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा लोखंडी पाइप बाहेरच्या भिंतीवरून खाली येतो, आमच्या स्वयंपाकघराला फाटा देतो आणि त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळून पुढं जातो. तिथला क्लॅम्प ढिला झाला होता. वाहतं पाणी व्हॉल्व्हनं क्षणात अडवलं की त्याचा जोर पाइपला बसतो. पाइप उडतो आणि भिंतीवर आपटतो. म्हणजे आवाज आमच्या मजल्यावरून खाली जातच नव्हता. तो त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर तयार होत होता. मी मशीनभोवती कितीही रबर लावलं असतं तरी तो गेला नसता.

एमईएसला कळवलं. प्लंबर आला, क्लॅम्प बदलून घट्ट केला. मी पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये रबराची पट्टी घातली. आमच्या मशीनचा अँगल कॉक निम्मा बंद केला, म्हणजे पाणी सावकाश येतं आणि अडवल्यावर झटका कमी बसतो. मशीन भरायला थोडा वेळ जास्त लागतो, बाकी काही बिघडत नाही. फार बंद करू नका, नाहीतर पाणी येत नाही म्हणून मशीन थांबतं. सगळा खर्च तीन हजारांच्या आत.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. त्यांच्या त्या कागदावर पाच नाही, सात नोंदी होत्या. शेवटच्या दोन ०१४० आणि ०३२५ च्या. माझं मशीन साडेबाराला बंद झालेलं. मी त्या दोन ओळींवर बोट ठेवून म्हणालो, "साब, ये दो मेरी मशीन के नहीं हैं."

ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हाँ साब. ये मेरे हैं."

फौजेत आपली वैद्यकीय श्रेणी शेप या पाच अक्षरी हिशेबानं ठरते. पहिलं अक्षर मनाचं, दुसरं कानांचं, मग हातपाय, शरीर आणि डोळे. माझं दुसरं अक्षर खाली आलेलं आहे आणि ते मी कुणालाही सांगतो, कारण कान गेला म्हणजे तोफखान्यात किंवा रणगाड्यांत नोकरी केली असा त्याचा अर्थ लोक लावतात, मानच मिळतो. पहिल्या अक्षराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. प्रमोशनचं काय होईल, मुदतवाढीचं काय होईल, लोक काय म्हणतील. म्हणून माणूस तीन वाजता उठून बसतो आणि सकाळी इस्त्रीच्या वर्दीत पीटीला हजर असतो.

मी त्यांना उपदेश केला नाही. माझ्या कानाचा आलेख मोबाईलमध्ये होता तो दाखवला. म्हणालो, "हा खड्डा बघा. मी डॉक्टरकडं गेलो म्हणून तो पडला नाही. तो आधीच पडलेला होता, डॉक्टरनं फक्त कागदावर काढला. तुम्हीपण एका रात्रीचा कागद काढलाय." त्यांनी पानाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. चहा घेतला, आणि गेले.

त्यानंतर मशीन रोज रात्री चालतं. वहिनींनी हिला सांगितलं की आता पहिली झोप लागते, दीडपर्यंत तरी. मार्चमध्ये कळलं की साहेब स्वतःहून एमएचला जाऊन आले आणि पुढंही जाताहेत. त्यांना विचारूनच हे लिहितोय. ते म्हणाले, "लिख दो साब, नाम मत लिखना." बाकी काय झालं, काय होईल, ते त्यांचं आहे. एवढंच सांगतो की वर्दी अंगावर आहे आणि जिन्यात राम राम तसाच आहे.

वाचणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. टीव्हीचा आवाज घरचे सारखा कमी करायला सांगत असतील, तर ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन कान तपासून घ्या. आणि मशीन बंद झाल्यावरही आवाज ऐकू येत असतील, रात्र रात्र झोप नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तुमच्या शेजारी असा कुणी असेल तर त्याला नंबर देण्याआधी त्याच्याशेजारी बसा, चहा घ्या.

कुणाला डिशवॉशरच्या रबराचं माप किंवा शीट कशी चिकटवायची ते हवं असेल तर जरूर विचारा. पुढच्या वेळी बबीनाच्या फायरिंग रेंजवरच्या एका पावसाळ्याबद्दल लिहीन.

जय हिंद.